एक खोटी यादी आणि बारा खऱ्या पाठी

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
नकाशा नक्कल शाखा, पहिला मजला

विषय: सूचना फलकावरची यादी खोटी असल्याचं आपल्या सहीने एका ओळीत लिहून मिळण्याबाबत.
संदर्भ: १) मी स्वतः चिकटवलेली यादी, गेल्या महिन्याची पाच तारीख. २) मुख्य कार्यालयाचं कालचं पत्र.

महोदय,

१. मी आपल्या शाखेत टेबल क्रमांक सातवर बावीस वर्षं नकाशे गिरवतो. खाली दिवा, वर काच, काचेवर आम्ही. असे बाराजण दिवसभर वाकलेले असतो. तरी इतक्या वर्षांत पाठ दुखते म्हणून कुणी रजा टाकली नाही. रजेला कारण लागलं तर आम्ही पोट वापरायचो.

२. मी खोड्या करतो याची दप्तरी नोंद आहेच. हजेरीच्या वहीत नसलेला तेरावा माणूस मीच अकरा महिने सही करून हजर ठेवला. नियमित हजेरीबद्दल आपण त्याला शाबासकीचं पत्रही दिलंत. त्याच हौसेने मी 'जादा ठरलेले कर्मचारी' अशी यादी टाईप करून फलकावर लावली. बाराही टेबलं घातली, पहिलं माझं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गंमत बघायची आणि काढून टाकायची, एवढाच बेत होता.

३. जेवून आलो तर यादीवर आपल्या टेबलावरचा कार्यालयाचा शिक्का. मी तसाच आपल्याकडे आलो आणि सगळं कबूल केलं. आपण म्हणालात, "राहू दे लावलेली. आज पहिल्यांदा सगळे वेळेवर टेबलावर बसलेत." आणि हसलात. साहेब, मीही लोकांना फसवून हसतो, पण समोरच्याचा चेहरा उतरला की थांबतो. आपलं हसू बघून मला किळस आली. यादी माझ्याच हातची, म्हणून माझीही आली.

४. तिसऱ्या दिवशी टेबल चारच्या दादांची पाठ धरली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस आता टेबलाखाली रद्द नकाशे अंथरून आडवा असतो आणि दार वाजलं की दचकतो. मग टेबल नऊ, मग दोन, मग सगळीच. नऊ एक्स-रे काढले, नऊही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "मणके ठीक आहेत. माणूस सतत धास्तीत राहिला की पाठ आवळून धरतो आणि सोडायचं विसरतो. मग दुखण्याचीही धास्ती बसते. कामावर काही झालंय का?" झालंय, फलकावर आहे. आता खोलीभर मलमाचा वास मारतो, काचांवर चिकट बोटं उठलीत, आणि मागच्या आठवड्यात गेलेल्या नकाशातल्या नदीवर तेलाचा डाग आहे. लोकांना तो तलाव वाटेल.

५. मी प्रत्येकाला टेबलाशी जाऊन सांगितलं की यादी माझी आहे. दादा म्हणाले, "तू मनाचा चांगला आहेस रे, आम्हाला धीर द्यायला खोटं बोलतोयस." वहिनींचा फोन आला, "भाऊजी, मस्करी पुरे. यांना चप्पल घालायला वाकता येत नाही. यादी खरी आहे ना, तेवढं सांगा." मी लिहिली म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. बावीस वर्षांची कमाई ही. आणि यादी खोटी आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, त्या माझीही पाठ दुखते. माझ्या पाठीला तरी कुणीतरी कार्यालयीन आदेशाने कळवावं.

६. शिक्का दिसला म्हणून आवक-जावकवाल्याने सवयीने एक प्रत वर पाठवली. कालच्या पत्रात मुख्य कार्यालयाने आपलं कौतुक करून 'शुक्रवारपर्यंत यादी कायम करून पाठवावी' असं कळवलंय. म्हणजे शुक्रवारी दादा खरोखरच जादा. आणि आपण कालपासून दार लावून बसलात.

७. तरी विनंती की, सोबतच्या कागदावर सही करावी. मजकूर मी टाईप केलाय: 'सदर यादी खोटी असून ती टेबल सातने लावली व मी माहीत असून ठेवली.' शेवटचे शब्द जड जात असतील तर खोडा, सगळा दोष मी घेतो, चौकशी लावा. पण खाली सही आपलीच हवी, माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मुख्य कार्यालयाला कुणीतरी जादा दाखवायचाच असेल तर तेरावा द्या. त्याला घरदार नाही, त्याची पाठ दुखत नाही, आणि तो होता याला आपलं शाबासकीचं पत्र पुरावा आहे.

८. कालपासून आपण खुर्चीला उशी लावलीत, असं शिपाई म्हणाला. उशीने जात नाही साहेब, मी तीन लावून पाहिल्या. सही करून बघा.

आपल्या शिक्क्याखाली वाकलेला,
(सही)
टेबल क्रमांक सात
दिनांक: १२, बुधवार

सोबत:
१) एक्स-रे, नऊ, सर्व निर्दोष.
२) तयार मजकूर, सहीची जागा पेन्सिलने दाखवली आहे.
३) मलमाची डबी, अर्धी. शुक्रवारपर्यंत आपल्याला पुरेल.