शिवलेलं शेवटचं प्रकरण

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तुझी कादंबरी पोचली. वेष्टनावरची अक्षरं उठावाची आहेत ते बरं झालं, डोळ्यांनी दिसत नसलं तरी आईने तुझं नाव बोटांनी चाचपून वाचलं. दुपारी बाइंडिंगचं दुकान बंद केलं की मी तिला एकेक प्रकरण वाचून दाखवते. किल्ल्यातला खजिनदार बंद खोलीत मेलेला सापडल्यापासून तिला दुपारची झोप नाही.

बाबांची पद्धत ती विसरलेली नाही. रहस्यकथा घरात आली की ते शेवटचं प्रकरण बाइंडिंगच्या दोऱ्याने शिवून टाकायचे, आणि प्रत्येकाने आपापला खुनी सांगितल्याशिवाय आई कात्री द्यायची नाही. टाक्यांच्या फटीतून डोकावताना तू पकडला गेला होतास, तेही आज पुन्हा उगाळून झालं. तुझं शेवटचं प्रकरण मी वाचून मग शिवलं. दुकानदाराला तेवढी सवलत असते.

वाचनालयात मात्र दोन तट पडलेत. निवृत्त मास्तर म्हणतात, जुना काळ इतका जिवंत त्यांनी कधी वाचला नव्हता. टपालवाल्या काकांचं म्हणणं, शंभर पानं नुसते दिवे, पडदे आणि घोडे, मुडदा पडेपर्यंत वाचणारा पेंगायला लागतो. शेजारच्या शिंपीणबाईंना शेवट पटला नाही, पण पुस्तक त्यांनी दोनदा नेलं.

आईची तब्येत नरम आहे. डॉक्टर हृदयाचं म्हणतात. येऊन जा.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

---

२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टपालवाले काका बोलले तेच वर्तमानपत्रातही आलंय, जरा सभ्य भाषेत. प्रकाशकांकडे पत्रांचा ढीग आहे. एक म्हणतो अभ्यास दांडगा, दुसरा म्हणतो अभ्यासानेच गोष्ट मारली. शेवट फुसका आहे यावर मात्र सगळ्यांचं गूळपीठ. अर्ध्यातच खुनी कळतो म्हणे. मला ते फार लागलं, ताई.

दुसरी आवृत्ती निघते आहे आणि शेवट बदला म्हणून प्रकाशक हटून बसलेत. तेव्हा तो दोरा कापू नकोस. नवा शेवट घेऊन मीच येतो आणि आईला वाचून दाखवतो. महिनाअखेरीपर्यंत नक्की. तोवर तिला जपणं तुझ्याकडे लागलं.

लोभात कमी पडू देऊ नये.
तुझा धाकटा

---

५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

महिनाअखेर आली नि गेली. आमचं शेवटून दुसरं प्रकरणही संपलं. आईचे पाय सुजलेत आणि चार वाक्यं बोलली की धाप लागते. मी दोरा कापू का विचारलं, तर तिने कात्री उशीखाली सरकवली. म्हणाली, तो येतो म्हणालाय ना, मग थांबू.

मला राग आलाय, तो लिहूनच टाकते. ओळखदेख नसलेल्या वाचकांची मर्जी राखतोस, आणि ही दारात पाऊल वाजलं की मान वळवते. शेवट कसाही असू दे. तू ये.

रागावले तरी तुझीच,
ताई

---

१३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं रागावणं रास्त आहे. पण शेवट जमला. खुनीच बदलला. पहिल्या आवृत्तीतला राजवैद्य आता निर्दोष, खून केला दिवाणाच्या पुतण्याने. आता कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही. आईला यातलं काही सांगू नकोस. शनिवारी मजकूर छापखान्यात देतो आणि रविवारी सकाळी घरी.

कात्रीला धार लावून ठेव. बाकी लोभ आहेच, तो येऊन मोजून घेईन.
तुझा धाकटा

---

२९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तू पोचलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, म्हणून बोलता आलं नाही. आई शनिवारी गेली, तेव्हा तू छापखान्यात होतास. त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. लावायचा तो तू स्वतःला लावतोच आहेस, ते दिसलं मला.

शुक्रवारी संध्याकाळी तिने आपला खुनी सांगितला. राजवैद्य. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, खून झाल्यापासून तो फार गुणी वागतो. धाकट्याने घरात काही फोडलं की दिवसभर असाच शहाण्यासारखा वागायचा. लिहिणाऱ्याला मी ओळखते, वैद्य कुठे लपतोय.

मग बरोबर का, असं तिने विचारलं. तुझा नवा शेवट मला ठाऊक होता. तरी मी बरोबर म्हटलं. ती हसली आणि कात्री माझ्या हातात दिली. दोरा मात्र मी अजून कापलेला नाही.

जेवत जा. घरी येत राहा, आता तरी.
ताई

---

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुसरी आवृत्ती खपते आहे. वर्तमानपत्राने लिहिलंय की एकाही वाचकाला खुनी ओळखता आला नाही. प्रकाशक खूश आहेत. मला ते वाचून भडभडून आलं.

जुना शेवट परत घाला म्हणून मी त्यांना विनवलं. त्यांनी साफ नकार दिला, आणि पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या म्हणाले. माझ्याजवळही एक नाही.

तुझ्याकडची प्रत कोणालाही देऊ नकोस. मी येईन तेव्हाही मला कात्री देऊ नकोस. त्या दोऱ्याआड जुना शेवट शाबूत आहे तोवर आईने ओळखलेला खुनी बरोबर आहे.

आता मला रागवायला तू एकटीच उरलीस, तेवढं बंद करू नकोस.
तुझा धाकटा