पोचट गव्हाचा काढा

लोयांग, गव्हाची कापणी संपल्यावर

तीर्थरूप ताईस, धाकट्या वेनपिनचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? (त्यांना म्हणावं, आधी विडी सोडा, मग हवेला शिव्या द्या.) मी ठणठणीत आहे. फक्त तळहातांना घाम फुटतो. थोडाथोडका नव्हे, धारच लागते. तीही नेमकी सकाळी सातला, बागेत जोडीनं नाचायची वेळ झाली की! माझी जोडीदारीण यान बाई, शिवणकाम करते, माझ्यासारखीच एकटी. मागच्या महिन्यात तिनं सगळ्यांदेखत हात पुसले आणि म्हणाली, "शांग मिस्त्री, मी नाचतेय की धुणं पिळतेय? महिन्याभरात हात कोरडे करा, नाहीतर मी कांग पोस्टमनबरोबर नाचते." ताई, तुझ्यापासून काय लपवायचं? तुझी भावजय गेल्यापासून सकाळी उठावंसं वाटतं ते या बाईमुळेच.

म्हणून वैद्य गेंगांकडे गेलो. त्यांनी नाडीवर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं, झोपले. मग जीभ बघितली आणि खुर्चीसकट मागे सरकले. (सकाळी काळ्या तिळाची खीर खाल्ली होती, हे मी नंतर सांगितलं.) मग उलटतपासणी. घाम झोपेत येतो की जागेपणी? झोपेतला तो चोरघाम, अंगातला ओलावा आटल्याची खूण. दिवसा उगाचच येतो तो अंगातला जोर ढिला पडल्यामुळे. आणि नुसत्या तळहातांना आला तर कारण एक पोट, नाहीतर मन. 'मन' म्हणताना त्यांनी एक डोळा उघडला. मी म्हटलं, पोटच असेल.

त्यांनी गव्हाची पुडी दिली. घरी येऊन उघडतो तर काय, सगळे दाणे पोचट! म्हातारा बघून गंडवलं मला! आईनं शिकवल्याप्रमाणे गहू पाण्यात टाकले, वर तरंगले ते फेकून दिले, तळाशी उरले ते ठेवले. उरले चमचाभर. मग तू पाठवलेल्या टपोऱ्या गव्हाची भर घातली आणि आठ दिवस काढा प्यालो. वजन दीड किलोनं वाढलं, घाम तसाच. तावातावानं भांडायला गेलो. गेंग कपाळावर हात मारून ओरडले, "अरे गाढवा, तरंगतो तोच गहू घामावरचं औषध! औषध मोरीत ओतलंस आणि लापशी पीत बसलास!" रांगेतले सगळे खो खो हसले. त्यात यान बाईची शेजारीण होती, म्हणजे पुढचं सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता यान बाई चाळणी घेऊन दारात हजर. "तुमच्या हाती औषध द्यायची सोय नाही," म्हणाली. तिनं स्वतः गेंगांच्या नव्या पुडीतले गहू पाण्यात टाकले, वरचे काढले, लाल खजूर घालून उकळले आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर बसून राहिली. तेव्हापासून रोज येते.

पोरांना लाड सांग, भावजींना (विडी सोडली असल्यास) नमस्कार.

तुझा,
वेनपिन

ता. क. खरं सांगतो, घाम चार दिवसांपूर्वीच थांबला. यान बाईला बोललो नाही. नाचायच्या आधी हात गुपचूप नळाखाली धरतो. पण गेंगांनी नाडी बघून ओळखलं, आता पुडी द्यायला तयार नाहीत. तेव्हा खळ्यावरचा पोचट गहू कोंबड्यांना टाकू नकोस, पोतंभर इकडे पाठव. कुणाला सांगू नकोस.

ता. क. २. यान बाई आत्ताच आली आणि मी चहा ठेवेपर्यंत तिनं पत्र वाचून काढलं. म्हणते, "घाम कोमट असतो, नळाचं पाणी गार. चार दिवस तुमचा हात धरतेय, मला कळत नाही होय? ताईंना लिहा, दोन पोती पाठवा."