वेदीसमोरची खाट

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. गुडघा सोडला तर सगळं ठीक आहे. फोनवर मी तब्येतपाणी विचारतो, तू 'बरं आहे' म्हणतेस, आणि पुढचं तोंडातच राहतं. म्हणून कागद घेतला.

आमच्या प्रार्थनागृहात गेले सहा आठवडे काय चाललं होतं ते तू पेपरात वाचलं असशील. चारशे वर्षांची दगडी वास्तू ही. बावीस वर्षं तिच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, आणि एवढ्या काळात इथलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते पंखा कुणाच्या डोक्यावर फिरावा यावरून. यंदा विश्वस्तांनी एका शिल्पकार बाईंना जागा दिली. मला वाटलं, फुलंबिलं असतील, फार तर एखादा देवदूत. बाईंनी आणली इस्पितळातली लोखंडी खाट. तिच्यावर मेणाची म्हातारी, अगदी हुबेहूब. तोंड उघडं, झगा खांद्यावरून घसरलेला, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. खाटेखाली बेडपॅन. पाय थेट वेदीकडे. शेजारी एक रिकामी खुर्ची, ज्याला बसावंसं वाटेल त्याच्यासाठी.

दुसऱ्याच दिवशी बोंब झाली. मी दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती, ती चार दिवसांत भरली. एकाने लिहिलं, 'ही कला असेल तर आमच्या घरी आठ वर्षं प्रदर्शन चालू आहे, सासूबाईंना विचारा.' एकीने नुसतं 'लाज' लिहून त्याखाली तीन रेघा मारल्या. एका नर्सने लिहिलं होतं की उशी चुकीची लावली आहे, मान दुखेल. ते वाचून बाईंनी खरंच उशी बदलली!

विरोध करणाऱ्यांचा पुढारी होता आमचा शिंपी. वेदीवरची वस्त्रं तीन पिढ्या त्याच्या घरातून शिवून येतात, त्यामुळे त्याचा राग मला पटत होता. तो बाईंना म्हणाला, तुमच्या आईला असं उघडं मांडलं असतंत का? बाई म्हणाल्या, माझीच आई आहे ती. तरी शिंपी मागे हटला नाही. मीही मनातून त्याच्याच बाजूला होतो. रोज सकाळी झाडताना मी खाटेकडे पाठ करायचो, आणि खुर्चीखालचा केर तर झाडूचा दांडा लांब धरून ओढायचो.

तिसऱ्या रविवारी तीसेक माणसं खाट बाहेर काढायला आली. मी दारात उभा राहिलो. बहादुरी म्हणून नव्हे गं, किल्ल्या माझ्याकडे होत्या म्हणून. त्यांनी मला नुसतं बाजूला सरकवलं. शिंप्याने खाटेचा दांडा धरून हिसका दिला. बेडपॅन खणखणत फरशीवर गेलं, चादर घसरली आणि म्हातारी कमरेपासून उघडी पडली. ताई, सगळे बघत असताना त्या माणसाने वाकून चादर उचलली, झटकली, तिच्या अंगावर नीट पसरली आणि कडा गादीखाली खोचल्या. शिंपीच तो, हाताला वळण असणारच, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण झग्याचा खांदाही त्याने वर ओढला. मग आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं, आणि कान लाल करून, सगळ्यांना शिव्या घालत तो निघून गेला. बाकीचे थोडा वेळ घुटमळले आणि पांगले.

त्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नकोस. विरोधाच्या अर्जावर शिंप्याची सही शेवटपर्यंत होती. विश्वस्तांनी दाराशी पडदा लावला आणि 'आत जाण्याआधी विचार करा' अशी पाटी टांगली. त्याने कुणाचंच समाधान झालं नाही.

काल खाट हलवली. माणसं गाडी दाराशी लावत होती तेव्हा बाई मला म्हणाल्या, सहा आठवडे तुम्ही एकदाही बसला नाहीत. मी म्हटलं, मला कामं असतात. त्या गाडीकडे निघून गेल्या. मग मी बसलो. दहा मिनिटं असेल.

आई आठ महिने अंथरुणाला होती. तिचं सगळं तू एकटीने केलंस. मी दोनदा आलो, दोन्ही वेळा दारातूनच बघितलं आणि बस चुकेल म्हणून निघालो. पुढची बस तासाभराने होती, हे मला माहीत होतं. तो वास, ते उघडं तोंड मला सोसेना. आणि आई गेल्यावर सगळे जमलेले असताना मी म्हणालो, ताईने वेळेवर मोठ्या इस्पितळात नेलं असतं तर आई आज असती. तू पाण्याचा तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस. त्याला नऊ वर्षं झाली. ते खोटं होतं. डॉक्टरांनी मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं की आता कुठेही नेऊन उपयोग नाही. मला तोंड लपवायला जागा हवी होती, ती मी दोष तुझ्यावर ढकलून केली. तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही, ते तुझं तू बघ. पण मी बोललो होतो चारचौघांत, तेव्हा माफी एकट्या तुझ्या कानात मागून भागणार नाही. म्हणून आज सकाळी काकांना, आत्याला आणि धाकट्या मावशीला हेच सगळं, डॉक्टरांच्या फोनसकट, लिहून पेटीत टाकून आलो. त्यांचे फोन येतील तेव्हा गोंधळू नयेस, एवढ्यासाठी हे चौथं पत्र.

तुझाच,
धाकटा