उजव्या डोळ्याचा नवस

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवा फुटला! अंगणात पडदा बांधून नुसतं तपासायला मशीन लावलं होतं. थोडा वेळ ठीक चाललं, मग आत फटाका उडाल्यासारखा आवाज — आणि काळोख. झाकण काढलं तर प्रोजेक्टरच्या दिव्याच्या वाटीत काचेचा नुसता चुरा. शनिवारी देवळापुढे पहिला खेळ लावायचा होता.

लमुल पायरीवर बसली होती. "काय फुटलं हो?"

म्हटलं, काही नाही, आतली काच.

"मग शनिवारचं?"

"बघतो."

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला माझ्या 'बघतो'चा अर्थ चांगला कळायला लागलाय. चिकट भाताची टोपली उचलून आत गेली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

झोप लागली नाही. लिहिलं तर डोकं थोडं हलकं होईल.

लमुलचा डावा डोळा काचबिंदूने गेला तो गेलाच. उजवाही त्याच वाटेवर होता. पावसाळ्याआधी त्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या आदल्या दिवशी ही एकटीच नदीकाठच्या देवळात जाऊन आमच्या चाओ फो देवाला नवस बोलून आली — उजवा डोळा राहू दे, तुला तीन रात्री सिनेमा दाखवीन.

इथपर्यंत ठीक. आमच्याकडे सगळेच बोलतात. आमच्या देवाला सिनेमाची भारी हौस! मी तीस वर्षं त्याच्याच हौशीवर जगलोय. समोर मोकळं मैदान, माणूस औषधालाही नाही, आणि मी आपला देवासाठी मारामारीचे सिनेमे लावून बसलोय, असे खेळ कितीतरी केले.

पण ही बाई पुढे बोलून बसली: "माझ्या नवऱ्याच्या हातचे, आणि त्याच्याच मशीनवर." कुणी सांगितलं होतं? नवस बोलताना जीभ जरा आवरायला नको?

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दाब उतरलाय, डोळा टिकला. म्हणजे देवाने त्याचं काम केलं, आता आमची पाळी, पण पावसाळाभर उघड्यावर खेळ लावता आला नाही. आणि लमुलचा हट्ट असा की नवस फिटेपर्यंत दवाखान्याची पायरी चढणार नाही. ऑक्टोबरमधली तपासणी चुकली. डॉक्टर बजावून सांगत होते की दाब पुन्हा वाढला तर कळणारसुद्धा नाही, दुखत नाही, नुसतं कडेकडेने दिसेनासं होत जातं. मी हे तिला शंभरदा सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं — "फेडायच्या आधी तपासायला गेलं की तो दिलेलं परत घेतो."

म्हणजे दिवा मिळत नाही तोवर खेळ नाही, खेळ नाही तोवर दवाखाना नाही. आणि तिचा डोळा तर काही थांबून राहणार नाही ना!

बुधवार, ६ नोव्हेंबर

बँकॉकला तीन दुकानांत फोन केले. तिसऱ्याने निदान ऐकून तरी घेतलं. "काका, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आता तो दिवा तुम्हाला म्युझियममध्ये मिळेल." हसला मेला.

संध्याकाळी लमुलला विचारलं, दुसऱ्या कुणाचं मशीन आणू का? माझ्याच हाताने चालवीन.

"मी देवाला तुमचं मशीन सांगितलंय."

"देवाला काय कळतंय कुठलं मशीन कुणाचं!"

"म्हातारबा, तोंड सांभाळा."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

शेवटी हेंगकाकांकडे गेलो. देवळाचे पुजारी, पंचाहत्तरी उलटली, तरी जीभ अजून वस्तऱ्यासारखी. म्हटलं, काका, देवाला कौल लावा, परक्या मशीनवर चालेल का म्हणून.

त्यांनी लाकडाचे दोन अर्धचंद्र कपाळाला लावले आणि टाकले. एक उताणा एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे. पुन्हा टाकले — पालथे. तिसऱ्यांदाही पालथे!

"शब्द तो शब्द, म्हणतोय तो," काका म्हणाले.

"अहो, पण दिवाच मिळत नाही. सांगा ना त्याला."

"तूच सांग की. तो काही बहिरा नाही."

सांगितलं. गुडघे टेकून, उदबत्ती लावून, हात जोडून सगळं सांगितलं. काळ्या चेहऱ्याची ती मूर्ती बघत राहिली. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला देव, मध्ये ते मढं मशीन — आणि मी कुणाचंच काही करू शकत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

खेळ नाही. ओरथाईचा रयाँगहून फोन. "बाबा, आईला सरळ उचला आणि दवाखान्यात न्या." उचला म्हणे! कारखान्यात बसून पोरीला बोलायला काय जातंय. तिच्या आईला आजवर कुणी उचललंय?

सोमवार, ११ नोव्हेंबर

लॉय क्रथोंगचा सण. सगळं गाव नदीवर दिवे सोडायला. लमुल आली नाही. म्हणाली, "गर्दीत कुणीतरी पायावर पाय देतं." आमचा क्रथोंग, केळीच्या पानातला दिवा, मी एकट्यानेच सोडला. काय मागायचं तेही सुचलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मोबाइलवर एक माणूस सापडला. इंडोनेशियाचा असावा. त्याची भाषा मला कळत नाही, पण हात कळतात. प्रोजेक्टरचा मेलेला दिवा काढतो, त्याच जागी रस्त्याच्या दिव्यातला एलईडीचा चौकोनी तुकडा बसवतो, मागे ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा आणि पंखा, पुढे भिंग. आणि भिंतीवर चित्र! पुन्हा पुन्हा पाहिलं.

मशीन माझंच, हात माझा. दिवा कुठला असावा हे नवसात नव्हतं! लमुलला सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली.

रविवार, १७ नोव्हेंबर

एलईडी शुक्रवारी आला. ठोकळा जुन्या कॉम्प्युटरमधला, भिंग टॉर्चमधलं. दोन दिवस कानशीने घासघासून वाटीच्या जागी बसवलं. बोटांना फोड. स्वतंत्र तारेवर लावला तर असा पेटला की डोळ्यांपुढे काजवे!

पण मशीन सुरूच होईना. बटण दाबलं की पंखा गरगरतो, थोडा वेळ वाट बघतो आणि सगळं बंद. तांबडा दिवा. पुन्हा दाबलं, पुन्हा तांबडा. एलईडी आत ढणढणा जळतोय आणि मशीन म्हणतंय दिवा नाही!

माझं आयुष्य फिल्मच्या रिळांवर गेलं. तिथे काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. ह्या हिरव्या पट्टीवरच्या मुंग्यांएवढ्या भागांपुढे मी अगदी अडाणी. रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

तांबडा दिवा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आज वैतागून टेबलाला लाथ घातली. स्क्रूची वाटी उलटली, सगळे स्क्रू फरशीवर. मी चष्मा लावून, टॉर्च घेऊन गुडघ्यावर रांगतोय आणि एक सापडत नाही. लमुल आली, खाली बसली, फरशीवरून तळवा फिरवत गेली आणि बघता बघता सगळे गोळा करून वाटीत टाकले.

"एवढा चष्मा कशाला लावता मग?" म्हणाली.

अशी ही. चारजणांचं काम एकटी करील. दवाखान्याचं नाव काढलं की मात्र दगड.

बुधवार, २० नोव्हेंबर

कळलं! जुन्या दिव्याला वीज देणारा जो डबा होता, तो डबा दिवा पेटला की मुख्य पट्टीला एका बारीक तारेवरून कळवायचा — पेटला बरं का. तो डबा मी काढून टाकला, मग कळवणार कोण? मशीन विचारतंय, उत्तर येत नाही, म्हणून बंद पडतंय.

त्या तारेला एक बटण लावलं. पंखा फिरला की मनात थोडं मोजायचं आणि दाबायचं. दिवा पेटला का रे? — पेटला, पेटला! मशीनने विश्वास ठेवला. आता दिवा असो नसो, ते चालत राहणार.

आणि भिंतीवर चित्र आलं! मी अंगणात नाचलो, ह्या वयात. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

मग नीट पाहिलं. उजेड कमी. जुन्याच्या निम्माही नाही. वर सगळ्यावर शेवाळासारखी हिरवट झाक. नायिका कावीळ झाल्यासारखी दिसत होती. जीव खट्टू झाला. लमुलला हाक मारली, समोर खुर्चीवर बसवलं.

"दिसतंय का गं? खरं सांग."

ती बराच वेळ बघत बसली. "स्वच्छ दिसतंय की."

"हिरवं नाही वाटत?"

"तुम्हाला कौतुक केलेलं कधी सोसतच नाही."

तिच्या एका आजारी डोळ्याला दिसतंय, मग देवाला न दिसायला काय झालं! आज पोटभर जेवलो.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पहिला खेळ झाला.

कुठला सिनेमा लावू म्हणून विचारलं होतं. तिला तो जुना विनोदी हवा, ज्यात नवरदेव म्हशीवर बसून वरातीला निघतो. तिन्ही रात्री तोच! म्हटलं, देवाला कंटाळा येईल. म्हणाली, "देवाला नाही येत, तुम्हालाच येतो." तिला त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे. लग्नानंतर आमच्या सिनेमाच्या गाडीबरोबर गावोगाव फिरायची, तेव्हा रोज रात्री हाच लागायचा.

अंधार पडल्यावर देवळापुढे पडदा बांधला. उकडलेलं डुकराचं डोकं, केळी, तांबडं सरबत देवापुढे ठेवलं. देवळाची दारं उघडी, त्याला पडदा सरळ दिसावा म्हणून. लमुल चटईवर, बाकी मैदान मोकळं. मी बटण दाबलं.

चित्र आलं. हेंगकाका पायरीवरून उठून पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"यून, हे चित्र आहे की धुकं? म्हैस कुठली आणि नवरदेव कुठला?"

"काका, जिचा नवस तिला दिसतंय."

"मला तर काहीच दिसत नाही बाबा."

"मोतीबिंदू झाला असेल तुम्हाला."

काकांनी शिवी हासडली. पण खेळ संपल्यावर कौल लावला, तर पहिल्याच फटक्यात एक उताणा, एक पालथा! देवाने घेतला. लमुलने कपाळ जमिनीला टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. गाडीत माझ्या दंडाला धरून बसली होती. म्हणाली, "काय छान उठलं हो चित्र. म्हशीच्या गळ्यातली फुलंसुद्धा दिसली."

मला तर फुलं दिसली नव्हती. माझाच चष्मा बदलायला झाला वाटतं.

रविवार, २४ नोव्हेंबर

दुसरा खेळ झाला. शेवटी शेवटी जळका वास यायला लागला. ठोकळ्याला हात लावला तर चटका बसला. एलईडीचा एक कोपरा काळा पडलाय. दुसरा मागवायचा, घासून बसवायचा तर पुन्हा आठवडा जाईल आणि तेवढा आठवडा मी तिच्या डोळ्याचा घालवायचा नाही. उद्या तिसरा लावणार, काय वाट्टेल ते होवो. अजून एक पंखा बसवला, वर ओलं फडकं ठेवायचं ठरवलंय. हे काही शहाण्या माणसाचं काम नाही, पण दुसरा उपाय नाही.

दवाखान्यात फोन केला. मंगळवारी सकाळची वेळ दिलीय. लमुलला सांगितलं, तर या खेपेला नाही म्हणाली नाही. "जाऊ की," एवढंच. ओरथाईला कळवलं. ती फोनवर रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही जिंकलात.

देवा चाओ फो, उद्याच्या दिवस हा तुकडा टिकू दे. मी तुला आजवर काही मागितलेलं नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

अर्ध्यावर एलईडी जळाला. पडदा काळा. पंखा फिरत राहिला, सिनेमाचा आवाज वेगळ्या स्पीकरवर चालू राहिला. मी थांब म्हणायला वळलो. लमुल पडद्याकडे तोंड करून बसली होती. नवरदेव म्हशीवरून पडल्याचा आवाज आला आणि ती खळखळून हसली. हेंगकाका ओरडणार तेवढ्यात मी त्यांच्यापुढे हात जोडले. शेवटपर्यंत आवाज तसाच चालू ठेवला.

घरी येताना म्हणाली, "आजचं चित्र सगळ्यांत स्वच्छ होतं."

मी हो म्हटलं.