बटण कुठं गेलं?

गुरुवार, दिवा लावल्यावर

लष्करी छावणीतल्या खुनाची कादंबरी मी वाचलेली, आज टीव्हीवर तिचाच सिनेमा. सासूबाईंनी आधीच स्वामींची शपथ घातली, "खुनी कोण ते सांगायचं न्हाय!" पुस्तकात सुभेदार सापडतो तो वर्दीच्या तुटलेल्या बटणावरून. सिनेमात मात्र त्याची सगळी बटणं जागेवर! आता पकडणार कसं? शेवटी खुनी निघाला डॉक्टर. मी ओरडलेच, "खोटंय! बटण कुठं गेलं?"

"कसलं बटण गं?" सासूबाई.

जीभ चावली. मोडली का शपथ? अर्धीच, बहुतेक. नाव तर नाही घेतलं. स्वामींपुढं साखर ठेवली, अर्ध्या चुकीला पेढे कशाला?

आत्ता बघते तर सासूबाई पोथी मिटून कादंबरी उघडून बसल्यात. "सूनबाई, शपथ हाय अजून. बटण मीच हुडकते की!"