दोनदा वाजलं की चहा

प्रिय चंचल,

मोहफुलं गळायला लागली आणि आपली पैज संपली. हंगामाच्या आत जंगलातून आईची हाक घरी पोचवणारं यंत्र मला जमलं नाही, तर सावली गावातलं घर बंद करून आम्ही दोघांनी पुण्याला तुझ्याकडे यायचं, असं ठरलं होतं. तू तर तिकिटंही काढून बसलीस. तुझी वाघाची भीती खोटी नाही. आपल्या झाडांपाशी फोन लागत नाही आणि तुझी आई पहाटे फुलं वेचायला जाणं सोडत नाही.

आधी मी हावरटासारखा मोठा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, आणला. वायफाय, ब्लूटूथ, सगळं त्यात. जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले तरी अक्कल नाही आली. जंगलात वायफाय काय वाघ वापरणार होता? आईनं पहाटे बटण दाबलं, तर बॅटरी रात्रीतच संपलेली. मग फोनवर तूच समजावलंस, की बाबा, तो काय काय करतो ते पाहू नका, किती गाढ झोपतो ते पाहा. तेव्हा हा आठ पायांचा, हरभऱ्याएवढा घेतला. बटण दाबलं की जागा होतो, रेडिओवरून ओसरीतली घंटी वाजवतो आणि पुन्हा झोपतो. दोन पेन्सिल सेलवर अख्खा हंगाम निघेल. थेट माझ्यावर गेला आहे, असं तुझ्या आईचं मत.

बटणाची डबी कमरेला बांधताना ती म्हणाली, "मी का म्हैस आहो, मले घंटी बांधून राह्यले?" पहिल्याच दिवशी घंटी दोनदा वाजली. मी आणि शेजारचा लटारू काठ्या घेऊन धावत सुटलो. वळणावर बाई डोक्यावर टोपली घेऊन निवांत येत होत्या. "पळून काऊन राह्यले? चहा नाई ठेवला अजून?" लटारू अजून हसतो आहे. तेव्हापासून ठरलं: लांब वाजलं तर संकट, दोनदा वाजलं तर चहा. लांब एकदाही वाजलेली नाही.

तेव्हा तिकिटं रद्द कर, बाळा. यंत्र जमलं नसतं तर शब्दाला जागून आलो असतो, पण रडत आलो असतो. रोज दोनदा वाजतं, मी आधण ठेवतो आणि दारात उभा राहतो. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं मला इतक्या वेळा हाक मारल्याचं आठवत नाही. मला फार बरं वाटतं. काल तिनं आणखी एक खूण ठरवली. तीनदा वाजलं की बसमधून उतरलेली चंचल वाटेत भेटली, दूध जास्त घाला. ते अजून वाजायचं आहे.

तुझेच,
बाबा