वाढीव प्रत

७ ऑक्टोबर २००३

आले एकदाची कोल्हापुरात! माझ्या थोरल्या भावानं, महांतेशअण्णानं, माझी ट्रंक खांद्यावर घेऊन स्टँडपासून शाहूपुरीपर्यंत मला चालवतच आणलं. रिक्षा कशाला, हितंच तर हाय, म्हणत राहिला आणि आक्कांच्या दारात घामानं निथळत टेकला. आक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. आवाज असा की बोळाच्या टोकाला ऐकू जावा. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग कोल्हापुरात येऊन खाणार काय गं तू, म्हणाल्या. पण लगेच माझ्यासाठी वेगळा तवा घासून काढला.

खोली माडीवर आहे. खिडकीतून गुळाची वखार दिसते आणि दिवसभर गोड वास येतो. आजऱ्यात राहिले असते तर अप्पांच्या काजूच्या कारखान्यात टरफलं उपसत बसले असते. इथं सिनेमाच्या कंपनीत नोकरी! अण्णा निघताना माझ्या घरच्या नावानं हाक मारून म्हणाला, दाने, हिरॉईन होऊन परत येऊ नको म्हणजे झालं. हसता हसता डोळे भरून आले दोघांचेही.

८ ऑक्टोबर

कंपनी म्हणजे वखारीच्या वरच्या दोन खोल्या. मालक हंबीरराव. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बोलणं सगळं हुकमी. आठ वर्षांपूर्वी त्यांनी ‘जत्रेचं ताट’ नावाची टेलिफिल्म काढली होती. टीव्हीवाल्यांनी ती बरीच कापून दाखवली. आता कापलेलं सगळं पुन्हा जोडून वाढीव प्रत तयार केली आहे आणि दिवाळीला तिची सीडी बाजारात आणायची आहे. टीव्हीवर नसलेलं यात काय काय आहे ते वेष्टनावर छापायचंय. ते शोधणं माझं काम. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवलेत, एकावर टीव्हीची प्रत, दुसऱ्यावर वाढीव. दोन्हीकडं बघायचं आणि फरक सांगायचा. असलं काम करायला मिळतं हे घरी आईला, अव्वाला, खरंच वाटणार नाही.

मशीन चालवायला पिराजीकाका आहेत. फिल्मचा कॅमेरा त्यांनीच केला होता. स्वभावानं मऊ, सारखी सुपारी कातरत असतात.

गोष्ट साधी आहे. पाटील आपल्या गड्याला पैज लावतो: जत्रेचं अख्खं बकरं एका बैठकीत संपवलंस तर माझा खिलार बैल तुझा. गडी खातो, जिंकतो आणि बैलावर बसून गावभर मिरवतो. गड्याचं काम आकाराम नावाच्या तमाशातल्या नटानं केलंय. काय हसतो तो माणूस! त्याच्याबरोबर आपणही हसतो.

आज सापडलेले फरक: टीव्हीच्या प्रतीत गाण्याचं एकच कडवं आहे, वाढीवमध्ये दोन. टीव्हीवर पाटलीणबाई नुसती उभी दिसते, वाढीवमध्ये ती चुलीपुढं बसून रडते आणि नवऱ्याला शिव्या घालते. ते कापायला नको होतं.

१० ऑक्टोबर

आज जेवणाच्या प्रसंगापर्यंत आलो.

टीव्हीवर तो चटकन संपतो. आकाराम मांडी घालून बसतो, हाड चोखतो, गावकरी टाळ्या वाजवतात, की लगेच बैल येतो. वाढीवमध्ये कॅमेरा त्याच्यावरून हलतच नाही. ताटात मटणाचा ढीग, वर पांढरी थिजलेली चरबी. माश्या बसतात त्या कुणी हाकलत नाही. एक माशी रश्श्यात बुडते, तो तिच्यासकट घास उचलतो. ओठांच्या कडेला पिवळा फेस. मधेच उमासा येतो, आलेलं सगळं तो तोंडातच धरतो आणि परत गिळतो. मग कॅमेऱ्याच्या बाजूला बघून काहीतरी म्हणतो. आवाज काढून टाकलाय, पण ओठ कळतात. बास की आता.

शेवटी तो डावा हात जमिनीला टेकतो, तिथं प्रसंग तुटतो.

मी मोरीत जाऊन ओकले. घरी आक्कांनी केलेला दहीभातही उतरला नाही. भातावरचं पांढरं दही बघवेना.

११ ऑक्टोबर

पिराजीकाकांना विचारलं, एवढा चांगला अभिनय टीव्हीवाल्यांनी का कापला?  सुपारी कातरतच ते म्हणाले, अभिनय कसला पोरी.

शूटिंग वैशाखातलं. मटण आदल्या दिवशी शिजवलेलं. जनरेटर बंद पडला म्हणून शूटिंग पुढं ढकललं, पण हंबीररावांनी पातेलं ठेवून दिलं, परत बकरं कोण कापणार म्हणून. दुसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर लोकांनी नाकाला धोतरं लावली. आकारामला तेच वाढलं. एकदा, दोनदा, परत परत. खऱ्यासारखं दिसंना, म्हणून परत. तो हात जोडत होता. हंबीरराव म्हणत होते, वाढा रं त्याला, अजून वाढा. आणि कॅमेरा मी धरलाता, असं म्हणून काकांनी अडकित्ता खाली ठेवला.

आकाराम त्याच आठवड्यात दवाखान्यात वारला. दारूनं मेला असं हंबीररावांनी सगळ्यांना सांगितलं.

मग लक्षात आलं. दोन्ही प्रतींत बैलावरची मिरवणूक पाठमोरी आहे. बैलावर बसलाय तो आकाराम नाहीच.

१३ ऑक्टोबर

आज आकारामची बायको ऑफिसात आली. धोंडुबाई. शिवाजी पेठेत चार घरची भांडी घासतात. ठेंगण्या, काटक, डोक्यावरचा पदर जरा ढळू देत नाहीत. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पिक्चर एकदाच बघितलेला. आता लांब पिक्चर निघतोय असं ऐकून आल्या होत्या. माझाच हात धरून म्हणाल्या, त्यात आमचं मालक अजून जरा दिसत्याल न्हवं? घरात त्यांचा फोटोबी न्हाय गं.

 आतून हंबीरराव बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. पुढच्या सोमवारी दुपारी या म्हणाले, तुम्हालाच पहिल्यांदा दाखवतो.

त्या गेल्यावर पिराजीकाकांना म्हणाले, पेपरचा फोटोवाला बोलीव. बाई रडली की फोटो काढायचा. झ्याक जाहिरात हुतीया.

पान थुंकावं तसं ते बोलले. मला त्यांच्या पांढऱ्या शर्टाचीसुद्धा किळस आली.

१४ ऑक्टोबर

प्रसंग लांबलाय.

आकारामनं डावा हात टेकला की प्रसंग तुटत होता. नक्की. मी तो पुन्हा पुन्हा बघितला होता. आज हात टेकल्यावरही चालू राहिला. ताटात वरून पळीनं मटण पडतं. तो खातो. पुन्हा पडतं.

काका म्हणाले, कॅसेट तीच हाय. मग चित्रावर मुंग्या आल्या म्हणून त्यांनी मशीन उघडलं, स्पिरिटमध्ये बोळा बुडवून फीत वाचणारं हेड पुसलं. बोळा पिवळा निघाला. दुसरा बोळाही. बोटाला चिकटणारी, गार चरबी. आत फितीला एक काळा, राठ केस गुंडाळलेला होता. बकऱ्याचा. वास खोलीभर पसरला. खालचे हमाल वर येऊन विचारून गेले, काय मेलंय का हितं?

 मी पुन्हा ओकले.

१५ ऑक्टोबर

हंबीररावांना तोंडावर विचारलं. तुम्ही त्या माणसाला सडलेलं खायला घातलंत, आणि आता त्याचं मरण त्याच्याच बायकोला दाखवणार?

ते चिडलेही नाहीत. म्हणाले, लोकान्ला खरं बघायला आवडतंय. तू आजऱ्याची, तुला न्हाय कळायचं. नको असंल तर जा गावाला.

जाणार होते. ट्रंकसुद्धा भरली. पण सोमवारी ती बाई पदर सावरून त्या खुर्चीत बसणार, आणि तिला काय दिसणार हे मला माहीत आहे. कसं जाऊ?

१६ ऑक्टोबर

काकांनी आणि मी मिळून तो प्रसंग पुसला. त्या जागी फितीवर कोरं चित्र भरलं. काका रडत होते. रडत होते, पण हात थांबले नाहीत. चालवून बघितलं. नुसता निळा पडदा.

आज पोटभर जेवले. आक्कांना बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर

परत आलंय.

पण आता आकाराम खात नाही. उठून उभा राहिलाय. तोंड पुसलेलं नाही, हातात पळी. ताटापुढची जागा रिकामी आहे. तो पातेल्यातून ढवळून काढतो आणि सरळ आपल्याकडं बघतो. आता आवाजही आहे. घ्या की पावणं. लाजायचं न्हाय. अजून थोडं.

काका तसेच जिना उतरून गेले. गावी गेले म्हणे. चप्पल इथंच आहे.

संध्याकाळी दात घासताना दातांतून एक तंतू निघाला. लांब, तपकिरी. मांसाचा.

मी कधी— आयुष्यात कधी—

१८ ऑक्टोबर

हंबीरराव खोलीत एकटेच बसलेत पडद्यापुढं. काय हाय ते मी बघतो, म्हणून बसले होते. दुपारी मी डोकावले. हातात काही नाही. पुढ्यात काही नाही. हात खाली जातो, वर येतो, तोंड चावतंय. हनुवटीवरून तेल गळतंय. शर्ट पिवळा.

साहेब, उठा म्हटलं. माझ्याकडं बघून डावा हात जमिनीला टेकला. उमासा आला— पांढरा, केसाळ गोळा— तोंडातच धरला.

परत गिळला.

मी पळाले.

१९ ऑक्टोबर

धोंडुबाईंना शोधत शिवाजी पेठेत गेले. घराला कुलूप. लेकीकडं गेल्यात, उद्या तिकडूनच ऑफिसात जाणार, असं शेजारीण म्हणाली.

पाणी प्यायलं तरी तोंडात चरबी. जीभ साडीनं पुसली. खसखसून. रक्त आलं.

आक्का म्हणतात ताप आहे, अण्णाला बोलावू. उद्यानंतर. आधी त्या बाईला—

२० ऑक्टोबर

धोंडुबाईंना जिन्याखाली अडवायचं ठरवून आले. वर दार उघडं दिसलं. फक्त टीव्ही बंद करून येऊ म्हणून—

हंबीरराव पडद्यापुढं तसेच बसलेले. पोट फुटायला आलंय. डोळ्यांवर माश्या. श्वास नाही. हात मात्र चाललाय. वर, खाली.

वायर उपटली. चित्र जात नाही.

जिन्यावर पावलं. कडी लावली.

त्याच आहेत. दार वाजवतायत. पोरी, आमच्या मालकांचा आवाज येतोय गं आतनं. उघड की.

उघडणार नाही. बघू देणार नाही त्यांना.

ओरडायला गेले, जावा मावशी— तोंड उघडेना. भरलंय. गार. मऊ. गिळलं तर परत भरतं—

कागद फाडून दाराखालून सरकवला. जावा. बघू नका.

त्या म्हणतात, मला कुठं वाचाय येतंय, बाई? तोंडानं सांग की.

तोंडानं—

पडद्यावरचा तो माझ्याकडं वळलाय. घ्या की पावणं.

दाराला पाठ लावून बसलेय. उजवा हात ऐकत नाही, खाली जातो, वर येतो. डाव्यानं लिहितेय—

धोंडुबाई खांदा लावतायत. मालक, मालक म्हणून हाका मारतायत. कडीचा एक खिळा निघाला.

मावशी डोळे मिटा. आत आलात तरी डोळे मिटा. डोळे—